मागणी आधी, मोजणी नंतर: प्रदूषणाविरुद्ध वस्ती उभी करताना

वस्तीतल्या पहिल्या बैठकीत तक्रारी लिहायला घेतल्या की कागद पुरत नाही. नाल्याचा वास, रात्री पेटणारा कचरा, ट्रकांची धूळ, नळाला येणारं पिवळं पाणी, भट्टीचा धूर, मुलांचा न थांबणारा खोकला. सगळ्या खऱ्या असतात, आणि सगळ्या एकाच निवेदनात घालून नेल्या की एकही सुटत नाही. समोरचा अधिकारी त्यातली नेमकी स्वतःच्या खात्याबाहेरची तक्रार उचलतो, "हे आमच्याकडे येत नाही" म्हणतो आणि मोकळा होतो. म्हणून पहिलं काम निवडीचं. ही निवड बैठकीत, सगळ्यांच्या देखत व्हायला हवी. चार कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवलेल्या प्रश्नाच्या दुसऱ्या बैठकीला तेच चार कार्यकर्ते येतात.

यासाठी आम्ही एक मोठा कागद जमिनीवर अंथरतो आणि वस्तीचा नकाशा लोकांनाच काढायला लावतो. छापील नकाशात आतल्या गल्ल्या नसतात, आणि त्रास बहुतेक तिथेच असतो. गल्ल्या, नळ, गटारं, शाळा, ट्रक उभे राहण्याची जागा, कचरा पेटतो ते कोपरे, सगळं त्यावर येतं. मग प्रत्येकाला तीन टिकल्या द्यायच्या आणि त्रास सर्वांत जास्त आहे तिथे लावायला सांगायचं. जिथे टिकल्यांचा गठ्ठा दिसतो तिथल्या दोन-तीन प्रश्नांवर चार गोष्टी विचाराव्यात: याचा निर्णय कोणत्या पदावरच्या माणसाच्या हातात आहे? निम्म्याहून अधिक गल्ल्यांना याचा त्रास आहे का? आपण स्वतः तो मोजू शकतो का? आणि तीन महिन्यांत त्यातला एखादा छोटा तुकडा पदरात पडेल का? चौथा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. पण पहिल्या तीन महिन्यांत काहीच हाती लागलं नाही तर चौथ्या महिन्यात माणसं गोळा करणं फार जड जातं.

मग मागणी लिहायची. "प्रदूषण थांबवा" ही मागणी नव्हे, तो उद्गार आहे. "शाळेसमोरच्या रस्त्यावरून सकाळी सात ते नऊ आणि दुपारी शाळा सुटताना अवजड वाहनं सोडू नयेत" ही मागणी आहे, कारण ती पाळली गेली की नाही हे कोपऱ्यावर उभं राहून कुणालाही सांगता येतं. मोजणी कशाची, किती दिवस, कुठे हे सगळं या वाक्यातून ठरतं. उलट क्रमाने गेलं, म्हणजे आधी यंत्र मिळालं म्हणून मोजलं आणि मग त्यातून काय मागायचं याचा विचार केला, की आकड्यांची वही भरते आणि पुढे काही होत नाही. अशा वह्या पुष्कळ वस्त्यांमध्ये पडून आहेत. कुणीतरी बाहेरून आलं, मोजून गेलं, अहवाल लिहिला आणि तो वस्तीत परत आलाच नाही. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला "तुम्ही कितवे?" हे ऐकावं लागतं, आणि ते रास्तच आहे.

दारोदार

बैठकीला येतात ती सहसा वस्तीतली तीच ती माणसं. जी येत नाहीत त्यांच्याकडे जावं लागतं: भाडेकरू, रात्रपाळीवाले, नुकते राहायला आलेले, वेगळी भाषा बोलणारे. जोडीने जावं, जोडीतला एक तरी त्याच गल्लीतला असावा. एका दारात अर्ध्या तासाहून जास्त थांबू नये. पहिली दहा मिनिटं पत्रक बाहेर काढू नये, फक्त ऐकावं. निघताना "पाठिंबा द्या" असं मोघम मागण्यापेक्षा एक छोटं काम मागावं: महिनाभर वासाची नोंद ठेवाल का, पुढच्या बैठकीला शेजारच्या दोघांना आणाल का. जो काम घेतो आणि करतो तो पुढचा गल्ली-प्रतिनिधी. जो चांगलं भाषण करतो तो असेलच असं नाही. पंधरा ते वीस घरांमागे एक प्रतिनिधी पुरतो. चाळीस घरं दिली की तो माणूस महिन्याभरात दमतो.

दोन भीती दारोदार भेटतात. पहिली भाडेकरूची: घराचं पाणी खराब निघालं किंवा भिंतीच्या रंगात शिसं निघालं आणि ते बाहेर कळलं, तर घरमालक "मग जा" म्हणेल. दुसरी रोजगाराची. ज्या भट्टीच्या धुराविरुद्ध बोलायचं तिथेच वस्तीतले पन्नास जण कामाला असतात. या दुसऱ्या भीतीला "आरोग्य महत्त्वाचं की पगार" असल्या प्रश्नाने उत्तर देऊ नये. कामगारांशी वेगळं, त्यांच्या सवडीने बोलावं. मागणी "कारखाना बंद करा" अशी न ठेवता धुराड्याची गाळणी चालू ठेवा, कच्चा माल झाकून ठेवा, रात्री धूर सोडू नका अशी ठेवली की तेच कामगार कुठली झडप किती वाजता उघडते हे सांगतात. त्यांची नावं कुठल्याही कागदावर येता कामा नयेत, अगदी आपल्या खासगी वहीतसुद्धा नाहीत.

वस्तीसाठी कोण बोलणार, हा वाद या चळवळीत जुना आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत १९८२ मध्ये पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांनी दूषित झालेली माती पुरण्यासाठी बहुसंख्य काळ्या आणि गरीब लोकांचा भाग निवडला गेला, तेव्हा आठवडेच्या आठवडे लोक ट्रकांपुढे आडवे झाले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली गेली, पण पर्यावरणीय न्यायाची चळवळ म्हणून जे ओळखलं जातं त्याची सुरुवात सहसा तिथून धरतात. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या परिषदेत या चळवळीची सतरा तत्त्वं ठरली. १९९६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हेमेझ इथे संघटन कसं करायचं याची सहा तत्त्वं लिहिली गेली; त्यातलं एक, लोकांनी स्वतःसाठी स्वतः बोलावं. ऐकायला सोपं आहे. अमलात आणायचं तर बैठकीची वेळ, भाषा, मुलांना सांभाळायची सोय आणि कोण अधिकाऱ्यासमोर बसणार हे सगळंच बदलावं लागतं.

काय मोजायचं

इथे जरा थांबावं लागेल, कारण चुकीची गोष्ट अचूक मोजण्यात सर्वांत जास्त मेहनत वाया जाते.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९९६ च्या उन्हाळ्यात वी ॲक्ट ही तिथली संघटना आणि कोलंबिया विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून चार चौकांत हवा मोजली. तिथल्याच तरुण मुलांनी हवेचे नमुने घेतले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बस, ट्रक, गाड्या आणि पादचारी मोजले. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखीच निघाली. पण डिझेलच्या काजळीतला कार्बन चौकाचौकात चौपटीपर्यंत बदलत होता, आणि जिथे बस-ट्रक जास्त तिथे तो जास्त होता. नुसती पीएम २.५ मोजली असती तर "सगळीकडे सारखंच आहे" एवढंच हाती लागलं असतं. बारीक धूळ दुरूनही वाहत येते. शेजारच्या बस डेपोची खूण काजळीत दिसते. मागणी ट्रकांबद्दल असेल तर काजळी किंवा वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू मोजावा, आणि सोबत वाहनं मोजावीत.

वाहनं मोजायला यंत्र लागत नाही. दोन माणसं, एक बघणारा आणि एक रेघा ओढणारा. दर तासातली पंधरा मिनिटं. प्रत्येक दिशेचा वेगळा कागद. अवजड ट्रक, बस, छोटे टेम्पो आणि बाकी असे चारच प्रकार. जास्त प्रकार केले की रस्ता गर्दीचा झाल्यावर मोजणारा गडबडतो. कामाचे किमान तीन दिवस आणि सुट्टीचा एक दिवस घ्यावा. इंजिन चालू ठेवून उभे राहिलेले ट्रक वेगळे नोंदवावेत, किती मिनिटं उभे होते त्यासकट. पुढे वाटाघाटीत हीच नोंद सर्वांत आधी कामी येते, कारण उभ्या ट्रकचं इंजिन बंद करायला कुणालाच खर्च येत नाही.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी बोटाएवढी नळी मिळते, आतल्या जाळीवर तो वायू शोषून घेणारं रसायन लावलेलं असतं. दोन ते चार आठवडे, जमिनीपासून दोन ते चार मीटर उंचीवर, तोंड खाली करून टांगायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. एक नळी बंद टोपणासह तशीच ठेवून तीही पाठवावी, म्हणजे वाटेत काही भेसळ झाली का ते कळतं. हिला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. तोटा एवढाच की तिच्याकडून सरासरी कळते, मंगळवारी रात्री काय झालं ते कळत नाही.

धुळीची स्वस्त यंत्रं सध्या सगळ्यांनाच हवी असतात. त्यात लेझरच्या झोतात कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र धूळ जास्त दाखवतं. धुक्याच्या सकाळचा आकडा घेऊन धावत गेलात तर समोरचा तज्ज्ञ दोन मिनिटांत तो खोडतो. सुमारे ०.३ मायक्रॉनहून बारीक कण त्याला दिसतच नाहीत, म्हणजे ताजी काजळी बरीचशी निसटते. म्हणून यंत्रं वाटण्याआधी सगळी एकाच जागी, जमलं तर सरकारी केंद्राच्या शेजारी, दोन आठवडे चालवावीत. जे सतत वर किंवा खाली दाखवतं त्याची दुरुस्ती लिहून ठेवावी. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ यंत्र लावणं ही सर्रास होणारी चूक. मग आलेखात फोडणीची वेळ दिसते, कारखान्याची नाही.

आणि आकडा कशाशी ताडून पाहायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांत पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि चोवीस तासांची १५. चोवीस तासांचं मूल्य वर्षातून तीन-चार दिवस ओलांडलं गेलं तरी चालतं, असं धरलेलं आहे. एका तासाचा १८० हा आकडा घेऊन "मर्यादेच्या ३६ पट" असं पत्रक काढलं की ते खोटं ठरतं, कारण तासाची तुलना वर्षाशी केलेली असते. एकदा असं पकडले गेलात की बाकीचे खरे आकडेही संशयाच्या फेऱ्यात येतात.

वासाची वही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त बिघडणारी. आठ-दहा घरं निवडावीत, त्रासाच्या जागेच्या चारही बाजूंना. रोज दोन ठरलेल्या वेळा, आणि मध्ये वास आला तर जादा नोंद. तारीख, वेळ, तीव्रता शून्य ते पाच, कशासारखा वास, किती वेळ, वारा कुठून. वास नसेल त्या दिवशी शून्य लिहायचंच. लोक हेच टाळतात, आणि मग वही बघणारा म्हणतो की तुम्ही फक्त वाईट दिवस लिहिलेत. वाऱ्यासाठी छपरावर काठीला कापडी पट्टी बांधावी. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. अर्ध्या वह्यांत हे उलटं लिहिलेलं सापडतं, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र उभं राहून एक नोंद करावी. चार आठवडे झाले की वारा कारखान्याकडून असतानाचे दिवस आणि इतर दिवस वेगळे मोजायचे. फरक असेल तर तो एका पानावर दिसतो.

वायूचा क्षणिक नमुना घेण्यासाठी बादली वापरतात. कॅलिफोर्नियातल्या कॉन्ट्रा कोस्टा भागात १९९५ च्या सुमारास ही पद्धत घडली: प्लास्टिकच्या झाकणबंद बादलीत खास पिशवी, बादलीतली हवा उपसली की पिशवीत बाहेरची हवा शिरते, ती प्रयोगशाळेत तपासायची. तमिळनाडूतल्या कडलूरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांनी २००४ मध्ये हीच पद्धत वापरली. लुइझियानातल्या नॉर्को गावच्या डायमंड वस्तीने ती वर्षानुवर्षं वापरली, आणि शेवटी २००२ मध्ये शेजारी कारखाना असलेल्या शेल या तेल कंपनीने तिथली घरं विकत घेऊन लोकांना दुसरीकडे जाता यावं हे मान्य केलं. बादली त्या काही मिनिटांची साक्ष देते, तेवढीच. नमुना कुणी घेतला, किती वाजता, कुणाच्या हातून कुणाकडे गेला हा कागद सोबत नसेल तर निकाल कितीही भयानक आला तरी उपयोग होत नाही. नमुना घ्यायला कुंपण ओलांडायचं नाही, हेही आधीच सांगून ठेवावं. उत्साही तरुण ओलांडतात.

पाणी

पाण्याचा प्रश्न मोजायला सर्वांत सोपा आणि जिंकायलाही त्यातल्या त्यात सोपा, म्हणून पुष्कळदा सुरुवात तिथून करावी असं आमचं मत आहे. जिथे पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे पुरवठा थांबला की वाहिनीतला दाब जातो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी गळक्या सांध्यांतून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेत तेच येतं. घरोघर वाहिनीला थेट लावलेल्या मोटारी हे ओढणं आणखी वाढवतात. हे बैठकीत बोलायला अवघड, कारण मोटार शेजाऱ्याचीच असते. पण ते आपण बोललो नाही तर पालिकेचा अभियंता बोलेल, आणि तेव्हा वस्तीत फूट पडेल.

सुरुवात पाण्यात जंतू मारायला घातलेला क्लोरीन मोजण्याने करावी. डीपीडी या तपासणीच्या रसायनाची गोळी किंवा पूड टाकली की पाणी गुलाबी होतं, आणि रंग तक्त्याशी लावून वाचायचा. पुडीवर लिहिलेल्या वेळेतच, कारण ठेवलं तर रंग आपोआप गडद होत जातो. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे अजून खर्च न झालेला, क्लोरीन असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकाच सकाळी, पाणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी, प्रत्येक गल्लीतल्या दोन-तीन नळांवर वाचून ते आकडे नकाशावर लिहावेत. नमुना थेट नळाचा हवा, साठवणीच्या टाकीचा नको. टाकीत क्लोरीन असाही उडतो. दोन शेजारच्या नळांच्या मध्ये आकडा ०.५ वरून शून्यावर आला, तर गळती त्या दोन नळांच्या मध्ये शोधायची. खोदायची जागा दाखवणारा असा नकाशा अभियंत्याला खरोखर उपयोगी पडतो, आणि उपयोगी पडलेल्या माणसाला तो पुढच्या वेळी भेटतो.

शून्य क्लोरीनच्या नळांवरूनच जिवाणूंची तपासणी करावी. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली, १०० मिलिलिटर, आत उरलेला क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. बाटली आधी खळबळून घेतली की ते वाहून जातं, आणि मग वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो, निकाल साफ येतो. झाकणाची आतली बाजू बोटाने शिवली तर उलट, आपल्याच हातचे जिवाणू निघतात. बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोचवावी. जिवाणूंमुळे तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड ओळखणाऱ्या पट्टीची बाटली घरीच ठेवता येते, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर संशय घ्यावा. कूपनलिकेच्या पाण्यात नैसर्गिक सल्फाइड असेल तर तीही काळी पडते, म्हणून तिच्यावर विसंबून आरोप करू नये.

शिशाचं सगळं उलटं. ते वाहिन्या आणि नळांतून साचलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून इथे पाणी आधी सोडायचंच नाही. रात्रभर, किमान सहा तास, नळ बंद ठेवून सकाळची पहिली धार एक लिटर भरायची. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला, त्यानंतर नमुने घेताना आदल्या रात्री नळ सोडून घ्यायला सांगणाऱ्या सरकारी सूचनांमुळे शिशाचं प्रमाण कमी दिसत राहिलं. २०१५ मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांसोबत सुमारे तीनशे घरांत किट वाटले आणि अडीचशेहून अधिक परत मिळवले. प्रत्येक घरात तीन बाटल्या: पहिली धार, पाऊण मिनिट पाणी सोडून दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत परत आला. इतके किट परत येणं हे प्रयोगशाळेचं काम नव्हे. ते दारोदार फिरून, आठवण करून, बाटली उचलून आणूनच होतं.

आजारांची पाहणी

प्रश्नावलीत सर्वांत घातक प्रश्न: "प्रदूषणामुळे तुम्हाला त्रास होतो का?" उत्तर आधीच ठरलेलं असतं. आधी आजार विचारावेत, मग घर आणि काम, आणि प्रदूषण सर्वांत शेवटी. जगभर वापरले जाणारे प्रश्न घ्यावेत: गेल्या १२ महिन्यांत मुलाच्या छातीत घरघर किंवा शिटीसारखा आवाज आला का, गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का, म्हणजे चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच. तंबाखूचा धूर, चुलीचं इंधन आणि कामाचं ठिकाण हेही विचारावं. नाही विचारलं तर पुढे कंपनीचा डॉक्टर विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

दर तिसरं घर घ्यायचं ठरलं की तिसरंच घ्यायचं. कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. "शेजारी फार आजारी आहेत, त्यांचं घ्या" हा आग्रह प्रेमाचा असतो, पण त्याने पाहणी वाकडी होते. तुलनेसाठी तितकीच गरीब पण त्रासाच्या जागेपासून दूरची वस्ती हवी. सधन भागाशी तुलना केली तर फरक गरिबीचा की धुराचा हे सांगता येत नाही.

संख्येचं भान सगळ्यांनाच द्यावं लागतं. १०० मुलांत २० जणांना घरघर निघाली तर खरं प्रमाण साधारण १३ ते २९ टक्क्यांत कुठेही असू शकतं. दूरच्या वस्तीत १०० मध्ये १२ निघाले तर ते ७ ते २० टक्के. हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक योगायोगाचाही असेल. दोन्हीकडे ३०० मुलं घेतली आणि प्रमाण तेच आलं तर मात्र फरकाबद्दल ठामपणे बोलता येतं. याच कारणाने कर्करोगाच्या पाच-सहा रुग्णांवर आंदोलन उभारू नये. दुःख खरं असतं, पण इतक्या थोड्या रुग्णांवरून कारण सिद्ध होणं जवळजवळ अशक्य, आणि सिद्ध झालं नाही की "प्रदूषण नाहीच" असा त्याचा अर्थ लावला जातो. दूषित पाणी किंवा धूर थांबवण्यासाठी रुग्ण दाखवावे लागत नाहीत. लोकांचा त्या पाण्याशी किंवा धुराशी संपर्क येतो एवढं दाखवलं की पुरतं.

नावं एका कागदावर, उत्तरं दुसऱ्यावर, मध्ये फक्त क्रमांक. नावांचा कागद कुलपात, आणि तो कुणाकडे आहे हे समितीच्या दोघांनाच माहीत असावं.

निकाल आधी घरी, मग वस्तीच्या बैठकीत, मग बाहेर. हा क्रम मोडला की विश्वास मोडतो. ज्या घरात शिसं जास्त निघालं त्या आईला ते वर्तमानपत्रातून कळता कामा नये. आणि निकाल सांगायला जाताना उद्या सकाळी काय करायचं ते सोबत न्यावं: प्यायला कुठलं पाणी घ्यायचं, शिसं उकळून जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं, मुलाची रक्त तपासणी कुठे होते. नुसता आकडा देऊन परत येऊ नये.

टेबलाच्या पलीकडे

अधिकाऱ्याकडे एक पान न्यावं. वर मागणी, मध्ये नकाशा, खाली तीन आकडे. जाडजूड अहवाल मागाहून द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बोलणारे तिघे, तिघेही वस्तीतले. तज्ज्ञ मागे बसतो आणि विचारलं तरच बोलतो. आदल्या रात्री कुणीतरी अधिकारी बनून सराव घ्यावा, कारण उत्तरं ठरलेली असतात. "आमच्या केंद्रावर सगळं मर्यादेत आहे": केंद्र किती लांब आहे, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, आणि आकडा तासाचा की वर्षाचा, हे विचारायचं. "तुमचं यंत्र प्रमाणित नाही": मान्य, म्हणूनच तुमचं फिरतं यंत्र या चार जागी या तारखांना लावा, आम्ही जागा देतो. हे उत्तर फार कामाचं आहे, कारण वाद यंत्रावरून हटतो आणि मागणीवर येतो. "समिती नेमतो": समितीत वस्तीचे किती, अहवाल कोणत्या तारखेला. नमुने एकत्र घ्यायचे ठरले तर पद्धत आधी कागदावर उतरवावी. फ्लिंटसारखं नंतर पद्धतीवर भांडत बसण्यापेक्षा ते बरं. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक आपल्या प्रयोगशाळेला जावा.

बैठक संपली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते पाच ओळींत लिहून अधिकाऱ्याला पाठवावं: "आज असं ठरलं, चूक असेल तर कळवा." तारीख नसलेलं आश्वासन त्यात लिहायचं नाही, "तारीख दिली नाही" असं लिहायचं.

मग भेटी सुरू होतात. मोफत आरोग्य शिबिर, मुखपट्ट्या, क्रीडांगणाला देणगी, दोन-चार तरुणांना नोकरी. शिबिर घ्यावं, आजारी माणसाला नाही कशाला म्हणायचं. पण ते मागणीच्या बदल्यात नाही हे लेखी द्यावं. समितीतल्या कुणीही एकट्याने भेटायला जायचं नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत करावा. नंतर केला तर तो कुणावर तरी संशय घेतल्यासारखा होतो. अधिकाऱ्यांच्या पाहणीच्या दिवशी रस्ता धुतलेला असतो आणि धुराडं थंड असतं, म्हणून तारीख कळल्यापासून आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस वासाची वही आणि ट्रकांची मोजणी चुकवू नये. फरक इतका उघड दिसतो की पाहणीच निरुपयोगी ठरते, आणि मग अचानक पाहणीची मागणी करता येते.

आकडे कमी आले तर? तेही वस्तीला सांगायचं. कधी खरोखरच त्रास दुसऱ्या कारणाचा निघतो: कारखान्याचा वाटणारा वास गटाराचा असतो, धूर शेजारच्या गल्लीत तार जाळणाऱ्याचा असतो. मागणी बदलावी लागते, आणि ती बदलायला पुन्हा नकाशाचा कागद अंथरून बसावं लागतं.

मागणी मान्य होऊन पाण्याची वाहिनी बदलली गेली की गर्दी पांगते. तेव्हा तीन माणसांची पाळी लावावी: महिन्यातून एकदा तेच नळ, तीच वेळ, क्लोरीनची तीच गोळी, त्याच वहीत. खोदलेल्या रस्त्याखाली नवा सांधा पहिल्या पावसात खचतो, आणि तो आकड्यांत जुलाबाच्या रुग्णांपेक्षा आधी दिसतो. दोन नळांवर सलग दोनदा ०.२ च्या खाली वाचन आलं की त्याच दिवशी अभियंत्याला फोन करायचा आणि मागोमाग लेखी तक्रार द्यायची. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख बघायला विसरू नये. मुदत उलटलेली गोळी रंग कमी देते आणि चांगलं पाणी खराब दाखवते.